निन्टेन्डोचं जुनं टेट्रिस (१९८९): एकही अपडेट न मिळालेला गेम ३४ वर्षांनी ‘संपला’ कसा?

तुमच्या फोनमधल्या एखाद्या गेमची अपडेट हिस्टरी कधी उघडून बघितली आहे का? दर दोन-चार आठवड्यांनी काहीतरी बदललेलं असतं. कुठे बग काढलेला असतो, कुठे नवं कॅरेक्टर आलेलं असतं, कुठे अवघड लेव्हल सोपी केलेली असते.

आज मी ज्या गेमबद्दल सांगणार आहे त्याला १९८९ पासून एकही अपडेट मिळालेलं नाही. मिळणं शक्यच नव्हतं, कारण तो प्लास्टिकच्या कॅसेटमधल्या चिपमध्ये कायमचा कोरलेला होता. तरीही त्याच्या मोठ्या स्पर्धा आजही होतात आणि २१ डिसेंबर २०२३ ला अमेरिकेतल्या एका १३ वर्षांच्या मुलाने तो खेळत खेळत इतका पुढे नेला की गेमच हँग झाला. हा गेम म्हणजे निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टिम, थोडक्यात एनईएस, या कन्सोलवरचं टेट्रिस.

हा गेम कुणी बनवला, त्यासाठी कोर्टात भांडण का झालं, तो आतून कसा चालतो आणि ‘न संपणारा’ गेम संपला कसा, हे सगळं एकेक करून बघू.

थोडक्यात माहिती

- मूळ कल्पना: अलेक्सेई पाजितनोव, मॉस्को, १९८४
- ही आवृत्ती: निन्टेन्डो, एनईएस कन्सोलसाठी, १९८९
- संगीत: हिरोकाझु तानाका
- खेळाचं मैदान: १० रकाने रुंद, २० ओळी उंच
- ठोकळे: ७ प्रकारचे, प्रत्येकात ४ चौकोन
- प्रकार: ए-टाइप (जमेल तितका वेळ खेळा) आणि बी-टाइप (२५ ओळी काढा)
- खेळाडू: एका वेळी एकच

टेट्रिस आलं कुठून?

अलेक्सेई पाजितनोव मॉस्कोमधल्या सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या कॉम्प्युटर केंद्रात काम करायचे. त्यांच्याकडे ‘इलेक्ट्रॉनिका ६०’ नावाचा कॉम्प्युटर होता. त्यावर चित्रं काढताच येत नव्हती, फक्त अक्षरं आणि चिन्हं दिसायची. म्हणून पहिल्या टेट्रिसमधले ठोकळे कंसाच्या चिन्हांचे होते! पुढे दोन सहकाऱ्यांच्या मदतीने तो आयबीएम पीसीवर आला. त्यांतला वादिम गेरासिमोव तेव्हा शाळकरी वयाचा होता. तिथून गेम फ्लॉपीवरून फ्लॉपीवर पसरत गेला.

‘टेट्रिस’ हे नाव दोन शब्द जोडून बनलंय. ग्रीकमध्ये ‘टेट्रा’ म्हणजे चार, आणि टेनिस हा पाजितनोव यांचा आवडता खेळ.

आता महत्त्वाचा मुद्दा. सोव्हिएत संघात सरकारी संस्थेत काम करताना बनवलेल्या गोष्टीचे हक्क स्वतःकडे ठेवून ती परदेशात विकणं शक्य नव्हतं. तो व्यवहार ‘इलॉर्ग’ नावाची सरकारी संस्था बघायची. त्यामुळे जगभर गेम विकला जात असताना तो बनवणाऱ्या माणसाला त्यातून रॉयल्टी मिळत नव्हती.

‘कॉम्प्युटर म्हणजे काय?’ या प्रश्नावर फिरलेला सौदा

हंगेरीत हा गेम बघून रॉबर्ट स्टाइन नावाच्या लंडनच्या व्यावसायिकाने त्याचे कॉम्प्युटरवरचे हक्क मिळवले. त्यांनी ते ब्रिटनच्या मिररसॉफ्ट कंपनीला दिले, मिररसॉफ्टने पुढे अटारी गेम्सला दिले, आणि अटारी गेम्सकडून जपानमधले काही हक्क आणखी पुढे गेले. अशी साखळी लांबत गेली. त्या साखळीच्या टोकाला होते हेंक रॉजर्स. त्यांच्या कंपनीने डिसेंबर १९८८ मध्ये जपानमध्ये फॅमिकॉमसाठी टेट्रिस आणलं. फॅमिकॉम हे एनईएसचं जपानी रूप.

फेब्रुवारी १९८९ मध्ये रॉजर्स मॉस्कोला गेले ते ‘गेम बॉय’ या हातात धरायच्या कन्सोलचे हक्क मागायला. तिथे इलॉर्गच्या निकोलाय बेलिकोव यांना त्यांनी आपली फॅमिकॉमची कॅसेट अभिमानाने दाखवली. बेलिकोव चकित झाले. कारण इलॉर्गच्या मते त्यांनी कन्सोलचे हक्क कुणालाच दिले नव्हते, दिले होते ते फक्त कॉम्प्युटरचे!

मग कन्सोल हा कॉम्प्युटर आहे की नाही? दोन्हींत प्रोसेसर असतो, दोन्ही पडद्याला जोडता येतात. स्टाइनही त्याच आठवड्यात मॉस्कोत होते. इलॉर्गने त्यांच्यासोबतच्या करारात एक व्याख्या घातली. कॉम्प्युटर म्हणजे ज्याला प्रोसेसर, मॉनिटर, डिस्क ड्राइव्ह, कीबोर्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम आहे ते यंत्र. कन्सोलला ना कीबोर्ड होता, ना डिस्क ड्राइव्ह. म्हणजे कन्सोलचे हक्क अजून इलॉर्गकडेच शिल्लक होते. मार्च १९८९ मध्ये ते निन्टेन्डोला मिळाले.

‘आय ॲग्री’चं बटण आपण न वाचता दाबतो ना? त्यासाठी ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. करारातल्या एका ओळीने एका कंपनीच्या हातातला अख्खा बाजार दुसरीकडे गेला. २०२३ मध्ये आलेल्या ‘टेट्रिस’ या चित्रपटात हीच कथा आहे. मात्र त्यातला गाड्यांचा पाठलाग वगैरे मसाला आहे, तो खरा धरू नका.

दोन कॅसेट, एकच गेम

इकडे अटारी गेम्सच्या ‘टेंगेन’ या ब्रँडने मे १९८९ मध्ये एनईएससाठी स्वतःचं टेट्रिस बाजारात आणलं. ते बनवलं होतं एड लॉग यांनी, म्हणजे ‘ॲस्टेरॉइड्स’ आणि ‘गॉन्टलेट’सारखे आर्केड गेम बनवणाऱ्या माणसाने. त्यात दोघांना एकाच वेळी, एकाच टीव्हीवर खेळता यायचं. निन्टेन्डोच्या कॅसेटमध्ये ही सोय नव्हती. म्हणूनच आजही स्पर्धेत दोन खेळाडूंसाठी दोन वेगळे कन्सोल शेजारी-शेजारी लावावे लागतात.

प्रकरण कोर्टात गेलं. कॅलिफोर्नियातल्या फेडरल कोर्टाने जून १९८९ मध्ये टेंगेनच्या विक्रीवर बंदी घातली आणि कॅसेट दुकानांतून परत मागवल्या गेल्या. बाजारात ती जेमतेम महिनाभर होती. आज जुन्या गेम जमवणारे लोक ती शोधत फिरतात. टेंगेनची आवृत्ती जास्त चांगली होती असं म्हणणारे पुष्कळ आहेत. पण गेम चांगला असणं वेगळं आणि तो विकण्याचा हक्क असणं वेगळं. मैदानात उरली ती निन्टेन्डोची कॅसेट, आणि आता पुढे आपण तिच्याबद्दलच बोलू.

गेम आतून कसा चालतो?

एनईएसचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे १७.९ लाख ठोके मोजायचा, म्हणजे १.७९ मेगाहर्ट्झ. मुख्य रॅम फक्त २ केबी. तुमच्या फोनमध्ये ८ जीबी रॅम असेल तर ती याच्या चाळीस लाख पट आहे! चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं. त्या प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात, आणि या गेममधली जवळपास प्रत्येक गोष्ट फ्रेममध्येच मोजली जाते.

ठोकळा एक ओळ खाली यायला किती फ्रेम लागतात ते बघा:

- लेव्हल ०: ४८ फ्रेम (वरून खालपर्यंत साधारण १६ सेकंद)
- लेव्हल ९: ६ फ्रेम (साधारण २ सेकंद)
- लेव्हल १८: ३ फ्रेम (१ सेकंद)
- लेव्हल १९ ते २८: २ फ्रेम (पाऊण सेकंदापेक्षा कमी)
- लेव्हल २९ आणि पुढे: १ फ्रेम (सेकंदाचा एक तृतीयांश)

गुण असे मिळतात: एक ओळ ४०, दोन १००, तीन ३००, आणि चार ओळी एकदम काढल्या तर १२००. या चार ओळींच्या चालीलाच ‘टेट्रिस’ म्हणतात. मिळालेल्या गुणांना लेव्हलच्या आकड्यात १ मिळवून गुणतात. म्हणजे लेव्हल १८ वर एका टेट्रिसचे १२०० गुणिले १९, बरोबर २२,८०० गुण. चार ओळी एकेक करून काढल्या तर मूळ गुण १६० आणि एकदम काढल्या तर १२००. म्हणून चांगला खेळाडू एका कडेचा रकाना मोकळा ठेवतो आणि लांब काठीची वाट बघत बसतो.

पण काठी येईल कधी? हा गेम पुढचा ठोकळा निवडताना आठ आकड्यांचा फासा टाकतो. सात आकडे म्हणजे सात ठोकळे. आठवा आकडा आला किंवा आधीचाच ठोकळा पुन्हा आला, तर तो आणखी एकदाच फासा टाकतो आणि जे येईल ते देतो. बस्स, एवढाच नियम. त्यामुळे तीस-तीस ठोकळे झाले तरी काठी येत नाही, असंही घडतं. मी एका मित्राच्या जुन्या कन्सोलवर लेव्हल ९ पासून खेळून बघितलं तेव्हा अर्धा वेळ मी त्या काठीलाच हाका मारत होतो.

फोनवरच्या टेट्रिसपेक्षा वेगळं काय?

आजचं अधिकृत टेट्रिस खेळलेल्याला हे टेट्रिस फारच कडक वाटेल. मुख्य फरक हे:

- ठोकळ्यांचा क्रम: आज सातही ठोकळे एका ‘पिशवीत’ टाकून एकेक काढले जातात, मग नवी पिशवी. दोन काठ्यांमध्ये जास्तीत जास्त १२ दुसरे ठोकळे येऊ शकतात. जुन्यात अशी कसलीही हमी नाही.
- होल्ड: आज नको असलेला ठोकळा बाजूला ठेवता येतो. जुन्यात मिळालं ते लावायचं.
- पुढचे ठोकळे: आज अनेक दिसतात, जुन्यात एकच.
- भिंतीजवळ फिरवणं: आज भिंतीला चिकटलेला ठोकळा फिरवला तर तो आपोआप थोडा सरकून जागा करतो. जुन्यात जागा नसेल तर ठोकळा फिरतच नाही.
- झटक्यात खाली टाकणं: जुन्यात नाही. खालचं बटण धरून फक्त वेग वाढवता येतो.

आणखी एक गैरसमज दूर करतो. टेट्रिस म्हटलं की जी रशियन धून आपल्या डोक्यात वाजते ती गेम बॉयच्या आवृत्तीमुळे प्रसिद्ध झाली. निन्टेन्डोच्या एनईएस कॅसेटमध्ये तीन धून आहेत, पण ती नाही. पहिली धून चायकोव्हस्की या रशियन संगीतकाराच्या बॅलेमधली आहे.

लेव्हल २९ ची भिंत

आता खरी गंमत सुरू होते. डावीकडचं किंवा उजवीकडचं बटण धरून ठेवलं की ठोकळा आधी १६ फ्रेम थांबतो आणि मग दर ६ फ्रेमला एक रकाना सरकतो. म्हणजे सेकंदाला १० रकाने. लेव्हल २९ वर ठोकळा २० फ्रेममध्ये तळाला पोचतो. तेवढ्या वेळात तो तीन-चार रकानेच सरकू शकतो, आणि काठी अगदी डाव्या कडेला न्यायला पाच रकाने सरकावं लागतं. गणितच जुळत नाही!

म्हणून बरीच वर्षं सगळे समजून चालले होते की लेव्हल २९ म्हणजे शेवट. खेळाडू त्याला ‘किल स्क्रीन’ म्हणायचे. स्कोअरही ९,९९,९९९ वर अडायचा, कारण पडद्यावर सहाच आकड्यांची जागा होती.

गेम बदलणार नव्हताच. मग खेळाडू बदलले.

पहिला उपाय होता बटण धरून न ठेवता ते थरथरत्या अंगठ्याने भराभर दाबायचा. याला ‘हायपरटॅपिंग’ म्हणतात. १९९० ची निन्टेन्डोची राष्ट्रीय स्पर्धा गाजवणाऱ्या थॉर आकरलंड यांनी याच पद्धतीने नंतर लेव्हल ३० गाठून दाखवली. २०१८ च्या क्लासिक टेट्रिस जागतिक स्पर्धेत १६ वर्षांच्या जोसेफ सेलीने हायपरटॅपिंगच्याच जोरावर सात वेळचे विजेते जोनास न्यूबावर यांना हरवलं. गेम बाजारात आला तेव्हा सेलीचा जन्मसुद्धा झालेला नव्हता.

दुसरा उपाय २०२० च्या सुमारास आला, त्याचं नाव ‘रोलिंग’. यात अंगठा बटणावर नुसता टेकवून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं कंट्रोलरच्या पाठीवर एकामागोमाग एक मारायची, आपण वाट बघताना टेबलावर वाजवतो ना, तशी. प्रत्येक बोटागणिक कंट्रोलर अंगठ्यावर आपटतो आणि बटण दाबलं जातं. असं सेकंदाला २० पेक्षा जास्त वेळा दाबता येतं. भिंत कोसळली.

१३८ नंतर रंग बिघडतात, १५५ नंतर गेम हँग होतो

इतकं पुढे कुणी जाईल असं बनवणाऱ्यांना वाटलंच नसणार. त्यामुळे पुढे त्यांनी तपासलेलं काहीच नव्हतं.

गेममध्ये रंगांच्या दहा जोड्या आहेत आणि त्या दर दहा लेव्हलला फिरून येतात. कोणती जोडी वापरायची हे ठरवायला गेम लेव्हलच्या आकड्यातून १० वजा करत राहतो. १३८ मधून १० गेले की १२८ उरतात. पण ८ बिटांच्या त्या हिशोबात १२८ हा ऋण आकडा समजला जातो. गेमला वाटतं वजाबाकी संपली, आणि तो रंगांच्या यादीबाहेरची भलतीच माहिती रंग म्हणून उचलतो. काही लेव्हलमध्ये ठोकळे इतके काळपट होतात की धड दिसतही नाहीत.

हँग होण्याचं कारण तर त्याहून साधं आहे. एनईएसच्या प्रोसेसरला गुणाकार येत नाही! बेरीज-वजाबाकी येते, पण गुणाकाराची सूचनाच त्यात नाही. म्हणून ‘४० गुणिले १५६’ करायचं असेल तर गेम ४० हा आकडा १५६ वेळा मिळवत बसतो. लेव्हल ० वर एकदाच मिळवायचा, त्यामुळे काही कळत नाही. लेव्हल १५५ नंतर मात्र हिशोब इतका लांबू शकतो की तो संपायच्या आत पुढच्या फ्रेमची वेळ येते. अर्धवट काम टाकून प्रोसेसर दुसरीकडे वळतो, परतताना भलत्याच जागी उडी मारतो आणि सगळं गोठतं. मात्र त्यासाठी ओळ नेमक्या परिस्थितीत काढावी लागते, दर वेळी असं होत नाही.

हे सगळं अभ्यासकांनी गेमचा कोड उलगडून आधीच शोधलं होतं. पण माणसाच्या हाताने ते घडलेलं नव्हतं. ते घडवलं ओक्लाहोमा राज्यातल्या, ‘ब्लू स्कुटी’ या नावाने खेळणाऱ्या १३ वर्षांच्या मुलाने. लेव्हल १५५ वर आलेली पहिली संधी हुकली, आणि १५११ ओळी काढून झाल्यावर, लेव्हल १५७ वर, त्याचा पडदा गोठला. संगीत अडकलं, ठोकळे थांबले. टेट्रिसमध्ये तोपर्यंत दर वेळी माणूसच हरायचा. त्या दिवशी मशीनने हात टेकले.

आपल्याकडे हे टेट्रिस होतं का?

एक प्रकारे होतं. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे जे ‘व्हिडिओ गेम’ आपल्याकडे मिळायचे, ते बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होत्या. ‘इतके गेम एकात’ असं लिहिलेल्या त्यांच्या कॅसेटमध्ये टेट्रिसची कुठलीतरी आवृत्ती असायचीच. शिवाय हातात धरायचा काळ्या-करड्या पडद्याचा ‘ब्रिक गेम’ तर जत्रेतही मिळायचा. घरी आई-बाबांना, मामाला विचारा, त्यांना नक्की आठवेल. पण ब्रिक गेम वेगळा. त्याचे नियम आणि वेग एनईएसच्या टेट्रिससारखे नाहीत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पाजितनोव यांना शेवटी पैसे मिळाले का?
हो, पण उशिरा. १९९१ मध्ये ते अमेरिकेत गेले. १९९६ मध्ये त्यांनी आणि हेंक रॉजर्स यांनी मिळून ‘द टेट्रिस कंपनी’ सुरू केली आणि तेव्हापासून त्यांना रॉयल्टी मिळू लागली. गेम बनवून तेव्हा बारा वर्षं झाली होती.

लेव्हल २५५ च्या पुढे काय आहे?
८ बिटांमध्ये २५५ हा सर्वांत मोठा आकडा, त्यामुळे पुढे पुन्हा ० येतो. याला खेळाडू ‘पुनर्जन्म’ म्हणतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका खेळाडूने हेही करून दाखवलं, पण हँग होऊ नये म्हणून बदल केलेल्या आवृत्तीवर.

लेव्हल १९ पासून सुरुवात करता येते का?
येते. लेव्हल निवडताना ए बटण दाबून ठेवून स्टार्ट दाबलं की निवडलेल्या लेव्हलमध्ये १० मिळवले जातात. ९ निवडलं तर थेट १९!

हा गेम फोनवर डाउनलोड करू का?
‘फुकट रॉम’ देणाऱ्या साइट्सपासून लांबच राहा. गेमवर आजही कॉपीराइट आहे, आणि अशा साइटवरून आलेल्या एपीके फाइलमध्ये काय दडलंय ते सांगता येत नाही. सरावासाठी अधिकृत टेट्रिस ॲप वापरा आणि जुनी आवृत्ती बघायची असेल तर स्पर्धांचे व्हिडिओ यूट्यूबवर भरपूर आहेत.

पुढच्या वेळी टेट्रिस उघडाल तेव्हा एक करून बघा. होल्ड अजिबात वापरू नका, आणि पुढच्या ठोकळ्यांपैकी फक्त पहिल्याकडे बघा. मग कळेल की त्या कॅसेटवर खेळणारे लोक काय करत होते. कुणी अपडेट पाठवून त्यांचा गेम सोपा करणार नव्हतं. जे काही सुधारायचं ते स्वतःच्या बोटांतच.